पैसे मोजतोय ना, मग अख्खा पिक्चर द्या!

नागपुरातल्या सीताबर्डीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात फोर-के ब्लू-रे डिस्क, म्हणजे डीव्हीडीसारखीच पण कितीतरी बारीक चित्राची पिक्चरची डिस्क, मागून पाहा. काउंटरवरचा माणूस आधी वरपासून खालपर्यंत न्याहाळतो, मग ठरलेलं उत्तर देतो: "कोन घेते भाऊ आता डिस्क? पेनड्राइव्ह आना, भरून देतो." चोरीचा माल पाच मिनिटांत, भर बाजारात, बिनधास्त. आणि ज्याला रोख मोजून अधिकृत डिस्क हवी आहे, तो येडा. डोकं इथूनच फिरायला लागतं.

त्यावर घरचे आणि मित्र सांगतात, "मोबाइलवर सगळं आहे की." नाही हो, सगळं नाही. स्ट्रीमिंगवरचा फोर-के साधारण सेकंदाला १५ ते २५ मेगाबिट डेटाने येतो. डिस्क ५०, ६६ आणि १०० जीबी अशा तीन मापांत येते आणि मोठ्या डिस्कची कमाल मर्यादा सेकंदाला १०० मेगाबिटच्याही पुढे जाते. दोन्हीकडे ३८४० गुणिले २१६० ठिपके, म्हणून दोन्ही सारखेच, असं म्हणणाऱ्याने एकदा मारधाडीचा सीन जवळ बसून पाहावा. दोन माणसं टेबलाशी बसून बोलताहेत तोवर स्ट्रीमिंगही नीट दिसतं, कारण मागची भिंत हलत नसते. पण रात्रीचा पाठलाग आहे, पाऊस कोसळतोय, गाडी उलटते आणि धुळीचा लोट पडदाभर पसरतो, तेव्हा प्रत्येक फ्रेममध्ये जवळजवळ सगळंच बदलतं. कमी बिट मिळालेलं चित्र तिथेच कोसळतं. धुळीच्या चौकोनी चकत्या होतात, काळ्या आकाशात पायऱ्या पडतात, ठिणग्या एकमेकींत विरघळतात. म्हणजे ज्या दहा मिनिटांसाठी ॲक्शनपट पाहायचा, तीच दहा मिनिटं कापून घेतलेली. आवाजाचंही तेच. ॲटमॉस म्हणजे चहूबाजूंनी आणि डोक्यावरूनही येणारा आवाज. स्ट्रीमिंगवर तो डॉल्बी डिजिटल प्लस या प्रकारात दाबून येतो. डिस्कवर तो ट्रूएचडी या प्रकारात, काहीही न गाळता येतो. बंदुकीच्या बाराचा दणका आणि त्यामागून गल्लीत घुमणारा प्रतिध्वनी, यातला दुसरा भाग आधी हरवतो.

बरं, ठरवलं डिस्कच घ्यायची. मग प्लेअर शोधा! ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये, एलजीने २०२४ मध्ये. उरले मुख्यतः सोनी आणि पॅनासॉनिक. या टंचाईचा फायदा घेऊन काय विकलं जातं? खोक्यावर मोठ्या अक्षरांत "फोर-के" आणि खाली बारीक "अपस्केलिंग". हा साधा ब्लू-रे प्लेअर आहे. १०८० ओळींचं साधं एचडी चित्र ताणून मोठं करतो, फोर-के डिस्क वाचूच शकत नाही. खोक्यावर "अल्ट्रा एचडी ब्लू-रे" हे चिन्ह नसेल तर पाकीट बाहेर काढू नका. जुना प्लेस्टेशन ४ प्रो "फोर-के गेमिंगवाला" म्हणून गळ्यात मारतात, त्याचा ड्राइव्हही फोर-के डिस्क घेत नाही. डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सीरिज एक्स घेतो, पण डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन, म्हणजे उजेड आणि रंग सीनगणिक जुळवणारी सोय, दोन्हींत मिळत नाही. अमेरिकेतून कुणासोबत प्लेअर मागवणार असाल तर आधी त्याच्या मागच्या पट्टीचा फोटो मागा. तिथे फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल आणि आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये तो खोचला, तर खेळ तिथेच खलास.

आता डिस्क. इथे विकायला नाही, म्हणून बाहेरून मागवा. डिस्कची किंमत, त्यात वाहतूक आणि विमा, त्या बेरजेवर सीमाशुल्क, मग त्या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. करावर कर! वर कुरिअरवाल्याचं हाताळणी शुल्क, त्यावर पुन्हा जीएसटी. ओळखपत्र एकदा अपलोड केलेलं असतानाही पुन्हा मागतात, आणि तोवर पार्सल मुंबईत पडून. एकेक डिस्क मागवणं म्हणजे वाहतूक आणि हाताळणी दर वेळी नव्याने भरणं. पाच-सहा एकत्र मागवा, बिलाची प्रत जपा आणि डिस्कची किंमत बिलातलीच धरून कर लावलाय का ते ताडून पाहा.

रीजनचा गोंधळ तर कुणी नीट सांगतच नाही. रीजनचं कुलूप म्हणजे एका देशगटाची डिस्क दुसऱ्या गटाच्या प्लेअरवर न चालणं. फोर-के डिस्कला ते नसतं, कुठलीही आणा, चालते. पण त्याच डबीतली साधी ब्लू-रे कुलूपबंद असू शकते. आपण रीजन सी मध्ये, अमेरिका ए, ब्रिटन बी. आणि स्टंट कसे केले, गाड्या कशा उडवल्या, हे सगळं बऱ्याचदा त्या दुसऱ्याच डिस्कवर असतं. अख्ख्या डबीचे पैसे घेतले ना? मग अर्धी डबी कुलपात का?

आणि सगळ्यात जास्त चीड येते ती नव्याकोऱ्या, सीलबंद डिस्कची. तासभर मस्त चालते आणि ऐन मारामारीत चित्र गोठतं. याचं कारण समजून घ्या. १०० जीबीच्या डिस्कमध्ये तीन थर असतात. पहिला थर आतून बाहेर वाचला जातो, दुसरा बाहेरून आत. म्हणजे पहिल्यावरून दुसऱ्या थरावर जाणं होतं ते डिस्कच्या अगदी काठाशी, आणि आपण डिस्क धरतो तीही काठालाच. कधी कधी कारखान्यातून येतानाच तिथे धुरकट चट्टा असतो, वर आपल्या बोटाचा ठसा पडतो. लेझरला नेमका तिथेच नवा थर पकडायचा असतो. नाही पकडता आला की गोठलं.

डिस्क तिरकी धरून ट्यूबलाइटखाली फिरवा, चट्टा दिसतो. स्वच्छ मायक्रोफायबरचं कापड घ्या आणि मधल्या भोकापासून काठाकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल अजिबात नाही. गोल ओरखडा डेटाच्या ओळीच्या दिशेनेच जातो आणि सलग मजकूर खातो. आडवा ओरखडा चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बऱ्याचदा सांभाळून घेते. डाग चिकट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मग नुसतं डिस्टिल्ड पाणी, मग कोरडं कापड. नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. आणि "पॉलिश करून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात ब्लू-रे देऊ नका! डीव्हीडीत डेटा पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर खोल असतो, म्हणून वरून घासलेलं खपतं. ब्लू-रेत तो फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो. मशीनवर चढवली की वरचा कडक लेप जातो आणि डिस्क कायमची मेली.

पुसूनही गोठतंय? मग कुठे गोठतं ते लिहून ठेवा. प्रत्येक वेळी त्याच मिनिटाला थांबत असेल तर दोष बहुधा डिस्कचा. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर प्लेअर पाहा: फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, जुनं आहे, आत साठलेला बीडी (ब्लू-रे) डेटा पुसलेला नाही, किंवा तो तापलाय. बहुतेक प्लेअरच्या पुस्तिकेत चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. मे महिन्यात नागपुरात बाहेर पारा ४५ च्या वर, घरात संध्याकाळीही ३५ च्या पुढे, आणि प्लेअर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर बसवलेला. तो गुदमरणारच. वर आणि मागे चार बोटं जागा सोडा, कप्प्याचं दार उघडं ठेवा.

दोष डिस्कचा निघाला तरी बदलून मिळेल याची खात्री काय? "सील फोडलंय, परत घेता येणार नाही." अरे, सील फोडल्याशिवाय ती गोठते हे कळणार कसं? म्हणून सील फोडण्यापासून डिस्क बाहेर काढेपर्यंत अखंड व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत संपायच्या आत अख्खा पिक्चर शेवटपर्यंत चालवा. डबी आधी कानाशी हलवून पाहा. आत खडखड झाली तर डिस्क खुंटीवरून सुटून अख्ख्या प्रवासात घासत आलेली आहे.

टीव्ही बसवून देणाऱ्यांवरही राग आहे. वायर जोडतात, चित्र दिसलं की सही घेतात आणि निघतात. कितीतरी टीव्हीत सगळे एचडीएमआय पोर्ट सारखे नसतात आणि पूर्ण क्षमता मेनूत जाऊन चालू करावी लागते. सोनीत तिला "एन्हान्स्ड फॉरमॅट" म्हणतात, सॅमसंगमध्ये "इनपुट सिग्नल प्लस", एलजीत "डीप कलर". ती बंद असेल तर एचडीआर, म्हणजे जास्त उजेडाचं आणि जास्त रंगांचं चित्र, येणारच नाही आणि घरचे म्हणतील, "काही फरक नाही बा." वायर १८ गिगाबिटची, प्रीमियम हाय स्पीडचा शिक्का असलेली हवी. हालचाल गुळगुळीत करणारं ते मोशनचं सेटिंग आधी बंद करा, नाहीतर सेकंदाला २४ फ्रेमचा पिक्चर सासू-सुनेच्या मालिकेसारखा दिसतो. सोनीच्या प्लेअरमध्ये "बीडी ऑडिओ मिक्स" बंद केलं नाही तर ॲटमॉस रिसीव्हरपर्यंत, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरपर्यंत, पोचतच नाही. सोनीच्याच यूबीपी-एक्स७०० मध्ये डॉल्बी व्हिजन हाताने चालू करावं लागतं, आणि साध्या एचडीआर१० डिस्कच्या वेळी पुन्हा हाताने बंद. साउंडबारला टीव्हीमार्गे आवाज द्यायचा असेल तर ईएआरसी, म्हणजे टीव्हीतून आवाज बाहेर नेणाऱ्या एआरसी या एचडीएमआय सोयीची सुधारित आवृत्ती, लागतं. नुसत्या एआरसीतून ट्रूएचडी जात नाही. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. सांगत कुणी नाही.

एवढं सगळं जुळवलं, आणि स्टुडिओनेच चित्र बिघडवून दिलं तर? "टर्मिनेटर २" ची २०१७ ची फोर-के डिस्क पाहा, चेहरे मेणाचे. फिल्मचा दाणा, म्हणजे फिल्मवरच्या चित्रात मुळातच असलेली बारीक कणांची रवाळ पोत, कचरा समजून पुसून टाकला, त्याबरोबर कातडीची छिद्रं आणि जखमांचे व्रणही गेले. २०१० मध्ये "प्रिडेटर" च्या ब्लू-रेला हेच केलं होतं, बोंब झाली होती, तरी अक्कल आली नाही. २०२४ मध्ये "ट्रू लाइज" च्या डिस्कवर पुन्हा तेच गुळगुळीत चेहरे. दुसरीकडे "मॅड मॅक्स: फ्युरी रोड" चं शेवटचं काम टू-के मध्ये, म्हणजे फोर-के पेक्षा कमी ठिपक्यांत, झालेलं, तरी त्याची फोर-के डिस्क एचडीआरच्या रंगांमुळे पैसा वसूल आहे. म्हणजे नुसता आकडा पाहून घेऊ नका आणि नुसता आकडा पाहून नाकारूही नका. नवी आवृत्ती कोणत्या स्कॅनवरून केली आणि दाणा शाबूत ठेवला का, हे जुन्या पिक्चरच्या बाबतीत आधी शोधा, मगच ऑर्डर टाका.

आणि ते कुरिअर! मेच्या दुपारी २ वाजता डबी गेटच्या लोखंडी पत्र्यावर ठेवायची, "पोचवली" असं टाकायचं आणि निघून जायचं. उन्हात डिस्कला बाक येतो आणि बाक आलेली डिस्क वाचताना लेझरचं नेम धरणंच बिघडतं. सपाट काचेवर ठेवून काठ सगळीकडे सारखा टेकतो का ते पाहा. स्टीलबुक, म्हणजे पत्र्याची शोभिवंत डबी, तर नुसत्या पाकिटात पाठवतात, कोपरा चेपलेलाच येतो. ऑर्डर टाकतानाच "फोन करून संध्याकाळी ६ नंतर आणा" असं लिहा आणि पार्सल निघालं की स्वतःही फोन लावा. घरात आल्यावर कपाट कूलरच्या झोतापासून लांब, आतल्या भिंतीला. कूलरच्या दमट हवेत स्टीलबुकच्या कडेला गंज धरतो आणि आतला कागद फुगतो. डब्या उभ्याच ठेवा, प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि पाऊस सुरू व्हायच्या आत त्या बदला.