वेळ सगळ्यांना सारखाच लागत नाही
२०१९ च्या कोल्हापूर-सांगलीतल्या महापुरात सूचना मिळूनही नदीकाठचे लोक वेळेत बाहेर पडले नाहीत, हे एका लेखातलं वाक्य मला अर्धवट वाटलं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. पाणी एवढं चढेपर्यंत दारात चारचाकी असलेला बायकामुलांना घेऊन पाहुण्यांकडे पोचतोही. पण भूमिहीन बाईची एकुलती म्हैस असेल तर ती दुभतं जनावर सोडून निघणार कशी? आधी म्हशीची सोय, मग अंथरुणाला खिळलेल्या सासूला उचलायला माणसं, मग कुणाचा ट्रॅक्टर मिळतो का ते बघायचं. तोवर रस्ता पाण्याखाली. २००५ चं पाणी जिथवर आलं होतं त्यावर अनेकांनी भरवसा ठेवला, हेही खरंच. पण सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात ८ ऑगस्ट २०१९ ला क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली बोट उलटली, त्या माणसांना बेफिकीर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आजारी, गरोदर, एकट्या राहणाऱ्यांची यादी आणि चाऱ्यासकट जनावरांची जागा ग्रामपंचायतीनं मे महिन्यातच ठरवावी. या घरांना इशारा पातळीची वाट न बघता आधी हलवावं.