गोल होणार नाही, याची पूर्वतयारी

भारतीय फुटबॉल संघाचे चाहते व्हायचे ठरवलेत ना? उत्तम. आता पहिले काम करा: मनातले कॅलेंडर जुलै २०२३ वर अडकवून टाका. बेंगळुरूत कुवेतला पेनल्टीवर हरवून सॅफ चषक, म्हणजे दक्षिण आशियाची स्पर्धा, जिंकली, जागतिक क्रमवारीत ९९ वर आलो. पान उलटायचे नाही. कारण त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला आपण कुवेतमध्ये जिंकलो आणि पुढचा विजय दिसला थेट १९ मार्च २०२५ ला, मालदीवविरुद्ध. मध्ये ४८९ दिवस गेले. तेवढ्या दिवसांत माणसाचे लग्न ठरते, होते आणि बारसेही उरकते.

या दिवसांत २०२४ हे अख्खे वर्ष येते. अकरा सामने, विजय शून्य, गोल चार. चारांतला एक पेनल्टीवर, एक सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, राहुल भेकेचा, कॉर्नरवर. म्हणजे गोल कुठून येणार, असे शेजाऱ्याने विचारलेच, तर बेधडक सांगा, ‘कॉर्नरवरून.’ मालदीवविरुद्धचा पहिला गोलही भेकेनेच केला, तोही कॉर्नरवर. ऑगस्ट २०२५ मध्ये ताजिकिस्तानला २-१ हरवले, तेव्हा गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन यांचे होते. दोघेही बचावपटू. बचावपटूंनी गोल करायचे ठरले आहे. आघाडीवीरांनी काय करायचे, ते अजून कळवलेले नाही.

टीव्हीसमोर बसल्यावर चेंडूकडे फार बघू नका, मधल्या मोकळ्या जागेकडे बघा. चेंडू दोन सेंटर-बॅकमध्ये चार-पाच वेळा इकडून तिकडे फिरेल. समोरच्याने जरा अंगावर येऊन दबाव टाकला की गोलकीपरकडे जाईल, आणि गोलकीपर तो उंच भिरकावून देईल. आघाडीला एकटा जीव हवेत उडी मारेल. त्याच्या डोक्यावरून निसटलेला चेंडू उचलायला मिडफिल्ड, म्हणजे मधली फळी, लागते, आणि ते अजून वीस मीटर मागे असते, कारण क्षणापूर्वीच ते सेंटर-बॅककडून पास मागायला खाली गेले होते. चेंडू पुन्हा त्यांच्याकडे. चहा करायचा असेल तर हीच वेळ. परत याल तेव्हा हेच चालू असेल.

फक्त साठाव्या मिनिटानंतर स्वयंपाकघरात जाऊ नका. दोहात कतारविरुद्ध ७३ व्या मिनिटापर्यंत आपण १-० पुढे होतो. मग चेंडू गोलरेषेबाहेर जाऊन परत आत आला, गोल मिळाला, व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हती, आणि सामना १-२ गेला. त्या दिवशी पंचांना शिव्या द्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जपून वापरा, तो वारंवार मिळत नाही. हाँगकाँगमध्ये जून २०२५ ला पेनल्टीवर गोल खाल्ला तो ९४ व्या मिनिटाला, आणि ती पेनल्टी आपल्याच गोलकीपरने दिली होती. तिथे पंचाला काय बोलणार?

आता नऊ नंबर, म्हणजे गोल मारायला पुढे उभा असलेला मुख्य आघाडीवीर. इथे जरा सावकाश, कारण सगळे दुखणे इथेच आहे आणि चाहत्याने त्यावर बोलणे अशिष्ट मानले जाते. आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या क्लबांच्या मुख्य लीगमध्ये, एका वेळी चार परदेशी मैदानात चालतात, आणि त्यांतला एक बहुतेक क्लब आघाडीला लावतात. क्लबचे तरी काय चुकले? पैसे मोजून आणलेला माणूस गोलपाशी उभा करायचा नाही तर कुठे? मग मनवीर सिंग मोहन बागानकडून हंगामभर उजव्या विंगेवर, म्हणजे मैदानाच्या कडेने, धावतो आणि गोलसमोर चेंडू, म्हणजे क्रॉस, टाकतो. राष्ट्रीय शिबिरात आला की त्याला सांगतात, बाबा रे, आता गोलसमोरच्या बॉक्समध्ये उभा राहून क्रॉस घे. हंगामभर वाढप्याचे काम, आणि लग्नघटिकेला थेट बोहल्यावर! कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आघाडीला होता. क्लबांनी त्यालाही विंगेचा रस्ता दाखवला. जवळच्या पोस्टकडे दोन पावले टाकून सेंटर-बॅकला ओढायचे आणि तो वळला की त्याच्या पाठीमागून लांबच्या पोस्टला यायचे, ही सवय दर शनिवारी खेळून लागते. आठ-दहा दिवसांच्या शिबिरात फक्त जर्सीचे माप बरोबर बसते.

२०२४-२५ च्या आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल मोरोक्कोच्या अजारईचे, २३. भारतीयांत पहिला सुनील छेत्री, १४ गोल, वय चाळीस. हे वाचून अभिमान वाटून घ्या. पुढचा विचार करू नका.

विचार येऊ लागलाच तर प्रशिक्षक बदला म्हणून ओरडा, लगेच आराम पडतो. स्टिमॅच जून २०२४ मध्ये गेले. मनोलो मार्केझ आले ते एफसी गोवा या क्लबची नोकरी सांभाळून. मे २०२५ मध्ये त्यांच्या गोव्याने सुपर कपच्या अंतिम सामन्यात खालिद जमीलच्या जमशेदपूरला ३-० हरवले, आणि तीन महिन्यांत राष्ट्रीय संघ खालिदकडे आला. तर्क शोधू नका. २०२२ च्या आशियाई चषक पात्रता फेरीच्या वेळी संघासाठी ज्योतिषाची मदत घेतल्याच्या बातम्या छापून आल्या होत्या. तेव्हा आपण तिन्ही सामने जिंकलो, त्यात हाँगकाँगला ४-०. निदान ग्रहांना लो ब्लॉक, म्हणजे गोलसमोर दाटीने उभा बचाव, भेदायचा नसतो.

शेवटी गणित. २०२७ च्या आशियाई चषकासाठी चार संघांच्या गटातून एकच जाणार होता. आपले पहिले पाच सामने: दोन गोल, दोन गुण. १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात फातोर्ड्याला आपल्या छांगतेने १४ व्या मिनिटाला लांबून झकास गोल मारला. आंबोली घाट उतरून आलेल्यांनी तेवढा बघून गाडी काढली असती तर सुखाने घरी पोचले असते. थांबले त्यांनी सिंगापूरच्या सोंग उई-यंगचे दोन गोल पाहिले, एक मध्यंतराच्या तोंडावर, एक मध्यंतरानंतर. संपले. मग ढाक्यात, जिंकून काहीच मिळणार नव्हते अशा सामन्यात, बांगलादेशने २००३ नंतर पहिल्यांदा आपल्याला हरवले.

छेत्रीची ११ नंबरची जर्सी मात्र बोहारणीला देऊ नका. तो जून २०२४ मध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला, सगळा कोलकाता रडला, आणि नऊ महिन्यांनी शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध परत येऊन हेडरने गोल केला. डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवा, आणि कपाटाला कुलूप लावू नका.