यातला हिशोबाचा माणूस कोणता?

परवा दिवेलागणीला शेजारच्या काकू एक गुळगुळीत पत्रक घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. कापसाचा चुकारा नुकताच खात्यात पडलाय, दोन लाख दहा हजार. गावात एका गुंतवणूक कंपनीचा माणूस फिरतोय, वर्षाला १८ टक्के देतो म्हणतो. पत्रकाच्या मागच्या बाजूला पाच संचालकांचे फोटो. कोट, टाय, हाताची घडी. काकू म्हणाल्या, "तू त कंपन्यायचंच काम करतं ना, पाह्य बरं मोबाईलवर, हे लोकं चांगले हायेत का?"

मी मोबाईल हातात घ्यायच्या आत बाबांनी पत्रक मागून घेतलं. चष्मा लावला, दिव्याखाली धरलं आणि पाचही नावं बोट ठेवून वाचली. फोटोंखाली लिहिलं होतं: प्रसिद्ध उद्योजक, समाजसेवक, प्रेरणादायी वक्ते, निवृत्त सैन्याधिकारी, युवा नेतृत्व. वाचून झाल्यावर बाबांनी एकच विचारलं, "यातला हिशोबाचा माणूस कोणता?"

हा प्रश्न बाबांना फार महागात पडून सुचलेला आहे. आज पहिल्यांदा मोकळेपणाने लिहिते. बाबांना विचारूनच लिहिते.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते, २००९ मध्ये निवृत्त झाले. आमच्या समुद्रपूर तालुक्यातल्या चार-पाच गावांतली दोन पिढ्यांची पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. २०११ मध्ये एका गुंतवणूक कंपनीचे लोक घरी आले. कंपनीचं नाव इथे घेत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. म्हणाले, गुरुजी, संचालक मंडळावर तुमच्यासारखा स्वच्छ माणूस हवा. बाबांना बरं वाटलं. निवृत्तीनंतर माणसाला कुणीतरी विचारलेलं बरं वाटतंच. फोटो काढून नेले, पॅनकार्डाची झेरॉक्स नेली, संचालकाचा ओळख क्रमांक काढून आणला. पुढच्या महिन्यात पत्रकावर बाबांचा फोटो आला आणि खाली ‘ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ’.

त्यानंतर एजंटला गावात फार बोलावं लागलंच नाही. लोक एकमेकांनाच सांगायचे, "गुरुजी हायेत ना त्याच्यात, मंग काहाले भ्याचं?"

तीन वर्षांत बाबा सात बैठकांना गेले. नागपूरला गाडी न्यायला यायची, चहा-नाश्ता व्हायचा, फाइल समोर यायची, सही व्हायची. २०१४ मध्ये कंपनीच्या दाराला कुलूप लागलं. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा आपल्या राज्याचा जो १९९९ चा कायदा आहे, त्याखाली गुन्हा दाखल झाला. बाबांचा जबाब दोनदा झाला. पैसा त्यांनी खाल्ला नव्हता, ते तपासात दिसलं. पण बाबांनी घरी एक शंभर पानी वही केली होती. ‘गुरुजी आहेत’ म्हणून ज्यांनी पैसे टाकले अशी त्यांना माहीत असलेली तेवीस नावं, पुढे रक्कम. दहा हजारांच्या आतले जे होते त्यांचे पैसे बाबांनी आपल्या उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, दिले. नावावर तिरपी रेघ मारत गेले, पेपर तपासताना मारायचे तशी. अकरा नावांवर रेघ आहे. बाराला नाही.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, बाबा, सात बैठकांत तुम्ही काहीच कसं विचारलं नाही? ते म्हणाले, "मला ताळेबंद वाचता येत नव्हता. आणि मुख्याध्यापकाला येत नाही हे सांगायची लाज वाटली."

मी हिंगणघाटला एका सीएच्या ऑफिसात अकरा वर्षांपासून काम करते. जिनिंगवाले, डाळ मिलवाले, शेतकरी उत्पादक कंपन्या, सगळ्यांचे कागद माझ्या टेबलावरून जातात. संचालक नेमला किंवा सोडून गेला की डीआयआर-१२ हा फॉर्म भरायचा, ताळेबंदासाठी एओसी-४, वार्षिक विवरणासाठी एमजीटी-७. दिवसभर नावं आणि क्रमांक. या कामातून माझं एक ठाम मत झालंय. आपल्याकडे लोक गुंतवणूक कंपनीचा व्याजदर विचारतात, ऑफिस कुठे आहे विचारतात, एजंट कुणाचा कोण लागतो हेही विचारतात. संचालक मंडळावरच्या माणसांनी आयुष्यभर काय काम केलं, हे कोणी विचारत नाही. आणि सगळ्यात आधी तेच विचारायला हवं.

मान आणि अनुभव या दोन गोष्टी आपण एक करून टाकतो. फौजेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसासमोर मी उभी राहीन, त्याला पाया पडेन. कीर्तनकाराला पडेन, डॉक्टरला पडेन. पण दुसऱ्याचा पैसा कुठे लावायचा, तो बुडत असेल तर कसा ओळखायचा, कर्ज मागणाऱ्याचे कागद खरे की बनावट, हे वेगळं काम आहे आणि ते करून करूनच येतं. विहिरीचं पाणी बघायला आपण पाणाड्या बोलावतो, सरपंच बोलावत नाही.

हे फक्त माझं म्हणणं नाही. बँकांसाठी कायद्यातच तसं लिहिलेलं आहे आणि मला ते वाचून फार आश्चर्य वाटलं होतं. बँकिंग नियमन कायदा १९४९ चा. त्यात पुढे कलम १० अ आलं. ते म्हणतं की बँकेच्या मंडळावरच्या निदान ५१ टक्के संचालकांना हिशोब, शेती आणि ग्रामीण अर्थव्यवस्था, बँकिंग, सहकार, अर्थशास्त्र, वित्त, कायदा, लघुउद्योग अशा विषयांपैकी एखाद्याचं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव पाहिजे. आणि त्यातले निदान दोन जण शेती-ग्रामीण अर्थव्यवस्था, सहकार किंवा लघुउद्योग यांतले जाणकार पाहिजेत. म्हणजे मुंबईतल्या काचेच्या इमारतीत बसणाऱ्या बँकेलासुद्धा मंडळावर असा माणूस ठेवावा लागतो.

बँक नसलेल्या वित्त कंपन्यांचं काय? रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ पासून लागू केलेल्या नियमांत त्यांच्या मंडळावर बँकेत किंवा वित्त कंपनीत काम केलेला निदान एक संचालक असावा असं सांगितलंय. एक. शेती कळणाऱ्याचा उल्लेख नाही. आता आपल्याकडे या कंपन्या कुणाला कर्ज देतात? बचत गटाच्या बायांना, ट्रॅक्टर घेणाऱ्याला, म्हशी घेणाऱ्याला. हप्ता महिन्याचा किंवा आठवड्याचा. आणि कास्तकाराच्या घरात पैसा येतो कधी? सोयाबीनचा दसरा-दिवाळीला, कापसाचा सीतादही (वेचणीआधीची पूजा) झाल्यावर वेचा सुरू झाला की पुढचे तीन-चार महिने. जून ते सप्टेंबर घरातून फक्त जातो. हे मंडळातल्या एकालाही माहीत नसेल तर जुलैमधला थकलेला हप्ता त्यांना बुडवेगिरी वाटणार आणि वसुलीवाला दारात येणार. माझं स्पष्ट मत आहे की बँकांचा तो दोन माणसांचा नियम खेड्यात धंदा करणाऱ्या प्रत्येक वित्त कंपनीला लावावा. फोटोपुरता शेतकरी नको. सहकारी सोसायटीत गटसचिव राहिलेला, शेतकी अधिकारी राहिलेला, बाजार समितीचा हिशोब पाहिलेला माणूस हवा.

आणि नुसती मोठी नावं असली म्हणजे काम झालं असंही नाही. सत्यम आठवा. गुंतवणूक कंपनी नव्हती ती, संगणकाची होती, पण मंडळ पाहा. हार्वर्डचे प्राध्यापक कृष्णा पालेपू, पेंटियम चिपमुळे नाव झालेले विनोद धाम, माजी कॅबिनेट सचिव टी. आर. प्रसाद, हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता राममोहन राव, आयआयटी दिल्लीचे माजी संचालक व्ही. एस. राजू. यापेक्षा हुशार मंडळ कुठून आणणार? १६ डिसेंबर २००८ ला याच मंडळाने अध्यक्षांच्या मुलांच्या दोन कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळले म्हणून काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की हिशोबच खोटे होते, हजारो कोटींचे. पेपरात त्या बातम्या आल्या तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या सरांनी फळ्यावर संचालकांची नावं लिहून विचारलं होतं, यातल्या कोणी बँकेतल्या ठेवीच्या पावत्या मागून बघितल्या असत्या तर?

त्यानंतर सरकारने काय केलं ते मला जास्त शिकवून गेलं. जुनं मंडळ काढलं आणि पहिल्यांदा तीनच माणसं बसवली: घरकर्जाच्या धंद्यात आयुष्य गेलेले दीपक पारेख, संगणक उद्योगाच्या संघटनेचे प्रमुख राहिलेले किरण कर्णिक आणि शेअर बाजारातले वाद ऐकणाऱ्या रोखे अपील न्यायाधिकरणाचे माजी प्रमुख सी. अच्युतन. पैसा कळणारा एक, धंदा कळणारा एक, कायदा कळणारा एक. २०१८ मध्ये रस्ते-पुलांसारख्या कामांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस कंपनी बुडायला लागली तेव्हाही तसंच. १ ऑक्टोबरला मंडळ बरखास्त झालं आणि उदय कोटक यांच्यासारखा बँकवाला, जी. एन. बाजपेयी यांच्यासारखा शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचं आणि एलआयसीचं अध्यक्षपद सांभाळलेला माणूस, सरकारी लेखापरीक्षणातला एक निवृत्त अधिकारी, असे लोक आणले. घर पेटल्यावर सरकारला कोणत्या कामाची माणसं लागतात ते यातून कळतं. मग आपण पैसे टाकण्याआधी तीच माणसं का शोधू नयेत?

आता काकूंच्या पत्रकाकडे येते. त्या रात्री जेवण झाल्यावर मी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर बसले. कंपनीचं नाव टाकलं की नोंदणीची तारीख, भांडवल, शेवटचा ताळेबंद कधी भरला, संचालक कोण आणि कधीपासून, हे फुकट दिसतं. शंभर रुपये भरले तर भरलेले कागदही बघता येतात. कंपनी चौदा महिन्यांची. भरलेलं भांडवल, म्हणजे मालकांनी स्वतः घातलेला पैसा, एक लाख. काकू एकट्या टाकणार होत्या त्याच्या अर्ध्याहून कमी. पत्रकावर पाच संचालक, नोंदीत दोनच, ‘प्रसिद्ध उद्योजक’ आणि ‘युवा नेतृत्व’. वक्ते, समाजसेवक आणि सैन्याधिकारी कागदावर संचालक नाहीतच. त्या तिघांना हे माहीत असेल का, याचा विचार मी रात्री बराच वेळ करत होते. मला बाबांचा तो फोटो आठवत होता. उरलेल्या दोघांच्या नावावर आणखी सहा कंपन्या: ट्रॅव्हल्स, प्लॉट, केटरिंग, आणि दोन तर रजिस्टरमधूनच काढून टाकलेल्या. कुठेही बँक नाही, वित्त नाही.

सकाळी काकूंना चहा घेता घेता सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण सर्टिफिकेट त दाखोलं ना त्यानं, सरकारचं." इथेच सगळे फसतात. ते सर्टिफिकेट कंपनी जन्मल्याचं असतं. जन्मदाखला असला म्हणून गाडी चालवायचा परवाना मिळत नाही. लोकांकडून ठेवी घ्यायच्या तर वित्त कंपनीला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागते, आणि नोंदणी असलेल्या सगळ्याच वित्त कंपन्यांनाही ठेवी घेता येत नाहीत. ज्यांना येतात त्यांनाही वर्षाला साडेबारा टक्क्यांच्या वर व्याज देता येत नाही. म्हणजे १८ हा आकडाच बोलतोय. परवानगीशिवाय ठेवी गोळा करायला २०१९ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. कोणी म्हणेल आमची निधी कंपनी आहे, तर निधीला फक्त सभासदांकडून ठेवी घेता येतात, ठेवीसाठी जाहिरात करता येत नाही आणि त्या आणून देणाऱ्याला कमिशनही देता येत नाही. पत्रक वाटत एजंट दारात आला म्हणजे तिथेच नियम मोडला. रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ नावाचं पोर्टल आहे, तिथे कंपनीची परवानगी बघता येते आणि तक्रारही करता येते. मी केली आहे.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या की गावातल्या आणखी आठ-दहा जणींनी फॉर्म भरलेत, त्यात त्यांची सूनबाईपण आहे. मला वाटलं होतं काम झालं, ते तर सुरूच झालं नव्हतं.

पत्रकावरच्या नंबरवर मी फोन केला. चांगल्या शब्दांत दोनच गोष्टी विचारल्या. तुमच्या संचालकांपैकी बँकेत किंवा वित्त कंपनीत काम कुणी केलंय, कुठे, किती वर्षं? आणि पत्रकावरचे तिघं नोंदीत का नाहीत? पलीकडचा पोरगा तेवीस-चोवीसचा असेल, आमच्याच भागातला, बोलीवरून कळत होतं. म्हणाला, ताई, सरांना विचारून सांगतो. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या घरच्यांचेही पैसे यातच असतील. अशी पोरं पहिली रक्कम आपल्याच घरातून आणतात.

अजून उत्तर आलेलं नाही. काकूंचा चुकारा बँकेतच आहे. एजंट पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडे येणार आहे, बाकीच्या जणींनाही तिथेच बोलावलंय. बाबांना आता गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. काल रात्री त्यांनी ती शंभर पानी वही कपाटातून काढायला लावली आणि म्हणाले, त्या दिवशी माझी खुर्ची सकाळीच तिच्या ओट्यावर नेऊन ठेवा.