खुलासा: ताण दिल्याने ‘सरकलेली गादी’ जागेवर बसत नाही

सध्या फिरणारा संदेश असा: कायरोप्रॅक्टिक डीकम्प्रेशनच्या (यंत्राने कंबर ओढून मणक्यावरचा दाब कमी करण्याच्या उपचाराच्या) दहा बैठकांत मणक्यांमधली सरकलेली गादी कायमची जागेवर बसते, परवडत नसेल तर घरी उलटं टांगून घ्या.

मुळात गादी सरकत नाही. तिचं बाहेरचं कडं चिरतं, आतला मऊ गर मागे येतो आणि नस दाबतो; बहुतेकदा कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत. पट्टे बांधून ओढल्यावर मणक्यांतली फट जराशी रुंदावते, काहींना टेबलावर बरंही वाटतं. पण उभं राहताच भार परत येतो. बाहेर आलेला गर अनेकांत काही महिन्यांत शरीरच शोषून घेतं, त्यामुळे दहा बैठकांनंतरचा आराम बैठकांमुळेच आला असं म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत सल्ला देणाऱ्या ‘नाइस’ संस्थेची २०१६ ची मार्गदर्शिका तर कंबरदुखी व सायटिकासाठी (नस दाबल्याने कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेसाठी) ट्रॅक्शन, म्हणजे असा ताण, देऊच नका म्हणते.

उलटं टांगल्याने डोळ्यांतला दाब आणि रक्तदाब वाढतो. काचबिंदू, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी हे मुळीच करू नये. हाडं ठिसूळ असतील, मणका मोडलेला असेल किंवा गरोदरपण असेल, तर यंत्राचा ताणही नको.

दुखणं सोसवेल इतकं चालत राहा, दिवसेंदिवस झोपून राहू नका, व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात त्यांना एवढं नक्की कळवा.