मोनेचा पाऊस

इम्प्रेशनिस्टांवरचा, म्हणजे बदलता प्रकाश टिपणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘इम्प्रेशनिस्ट म्हणजे उन्हाचे चित्रकार’ हे काही पटलं नाही. त्यांच्यातल्याच क्लोद मोनेचं ‘बेल-ईलमधला पाऊस’ हे चित्र एकदा बघाच! १८८६च्या सप्टेंबरात तो फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यासमोरच्या या बेल-ईल बेटावर गेला, पंधरा दिवसांसाठी म्हणून. राहिला नोव्हेंबर संपत येईपर्यंत. वारा, सरी, खवळलेला समुद्र आणि सुमारे ४० कॅनव्हास.

या चित्रात पाऊस नुसता धूसरपणाने सुचवलेला नाही. तिरप्या फटकाऱ्यांनी तो अख्ख्या दृश्यावरून ओढलाय. मला तर जपानी चित्रकार हिरोशिगेच्या लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांमधल्या तिरक्या पावसाची आठवण होते. मोनेकडे अशा ठसाचित्रांचा मोठा संग्रह होता, आजही तो फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावातल्या त्याच्या घरात आहे.

मी स्वतः तैलरंगात काम करते. भर पावसात एकदा किनाऱ्यावर बसले होते. ओल्या रंगावर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे नुसते थरथरत राहतात, ब्रश घसरतो, रंग धरतच नाही. तेव्हापासून या चित्रापुढे हात जोडावेसे वाटतात. मोने तर किनाऱ्यावरच बसून रंगवायचा; त्याच्या १८७०च्या त्रुव्हिल या फ्रेंच किनाऱ्याच्या चित्रात तर रंगात वाळूचे कण अडकलेले सापडलेत! कृपया पावसावरही एक लेख लिहा, मनापासून वाट पाहते.