‘वीस पाच’ आणि दोनशे पाच : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया तीन ओळींचे उत्तर देऊन बाजूला ठेवावी अशी नाही, म्हणून चार दिवस लागले. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी तिचा आशय सांगते. पहिलीपासून नवा अभ्यासक्रम लागू होत असताना २०१९ च्या अनुभवातून काय घ्यावे, या विषयावरील माझ्या लेखात मी असे म्हटले होते की, दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीने ‘वीस पाच’ असे संख्यावाचन आले तेव्हा शिक्षकांनी केलेला विरोध हा मुख्यतः सवयीचा विरोध होता. त्यावर आपण लिहिले आहे की, अडतीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाच्या आक्षेपाला सवय म्हणणे ही त्याची अवहेलना आहे; आपण सगळे उजळणी घोकूनच शिकलो आणि आपले काही बिघडले नाही; अशा रीतीने मराठीची संख्यानामे मुलांच्या तोंडून जातील; आणि शेवटी, आपला नातू त्या वर्षी दुसरीत होता व ‘वीस पाच’ ऐकून तो वहीत २०५ लिहू लागला, यावरून ती रीतच फसवी होती हे सिद्ध होते.

‘सवय’ हा शब्द मी मागे घेते. तो माझ्याकडून सहज लिहिला गेला आणि तो चुकीचा होता. का चुकीचा होता, ते त्या वर्षीच्या प्रशिक्षणापाशी आल्यावर सांगते, कारण ते तिथेच नीट सांगता येईल.

बदल काय होता हे आधी स्पष्ट करायला हवे. त्या वेळच्या गदारोळात ते जवळजवळ कुणी केले नाही. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांनी तेव्हा जाहीरपणे मांडलेली कारणे साधी होती: दोन अंकी संख्यांच्या नावांतली जोडाक्षरे लहान मुलांना जड जातात, आणि आपण बोलताना एकक आधी व दशक नंतर म्हणतो, लिहिताना मात्र दशक आधी लिहितो. पुस्तकातून जुनी नावे काढलेली नव्हती, दोन्ही वाचने दिलेली होती. विधिमंडळात त्यावरून मुख्यमंत्री फडणवीस यांच्या आडनावावर कोट्या झाल्या, वाहिन्यांना आठवडाभर विषय मिळाला. त्याविषयी याहून अधिक लिहावे असे मला वाटत नाही.

आता उजळणीविषयी. आपण आणि मी घोकून शिकलो हे खरे, पण आपण दोघेही शिक्षक झालो, सर. ज्यांना चौथीपर्यंत सत्तावन्न आणि पंचाहत्तर यांतला फरक कळला नाही, ती मुले आज या पानावर प्रतिक्रिया लिहायला आलेली नाहीत. आपल्या भाषेत एक ते शंभर ही जवळजवळ शंभर स्वतंत्र नावे आहेत, हे मोठ्यांना जाणवत नाही, कारण ती आपल्याला कधीच पाठ झालेली असतात. दोनासाठी बावीसमध्ये ‘बा’ आहे, बत्तीसमध्ये ‘ब’, बेचाळीसमध्ये ‘बे’ आणि ब्याऐंशीमध्ये ‘ब्या’. पन्नासचे बावन्नमध्ये ‘वन्न’ होते आणि लगेच पुढे त्रेपन्नमध्ये ‘पन्न’ होते. सातासाठी सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतो, पण लिहायचा असतो दोन. त्यातही एकोणनव्वदपर्यंत आलेले मूल पुढच्या पायरीवर ‘एकोणशंभर’ म्हणते तेव्हा आपण त्याला हसतो. खरे तर त्या वेळी भाषेपेक्षा मूलच अधिक नियमाने वागत असते.

मी वर्गात दर सोमवारी संख्यांचे श्रुतलेखन घेते. दुसरीच्या वर्गात ‘पंचवीस’ सांगितले की तीन-चार वह्यांत ५२ हमखास येतो, ‘त्रेसष्ट’ला ३६ येतो, ‘एकोणपन्नास’ला ५९ येतो. या चुका दुर्लक्षाने होत नाहीत. मूल कानाने ऐकते त्याच क्रमाने हाताने लिहिते. पाच आधी ऐकू आला म्हणून पाच आधी लिहिला. हा गोंधळ मराठीपुरताच नाही. हिंदी, गुजरातीत तो आहे, जर्मन भाषेतही आहे. कन्नड, तेलुगू, तमिळ या भाषांत दशक आधी येते. कन्नडमध्ये एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘वीस एक’. सोलापूरकडच्या कन्नड माध्यमाच्या शाळांत आपले पुस्तक कन्नडमध्ये जाते तेव्हा हा वाद तिथल्या शिक्षकांना समजावूनच सांगावा लागतो.

संख्यानामे मरतील ही आपली भीती मला खोटी वाटत नाही, पण तिच्यावर एक जुना दाखला आहे. नॉर्वेमध्येही पूर्वी ‘एक आणि वीस’ असेच म्हणत. तिथल्या संसदेच्या निर्णयाने १९५१ च्या जुलैपासून शाळांत आणि सरकारी व्यवहारात ‘वीस एक’ ही रीत लागू झाली; टेलिफोनचे क्रमांक सांगताना होणारे घोटाळे हे त्यामागचे एक मोठे कारण होते. इतकी वर्षे लोटली तरी जुनी रीत तिथल्या लोकांच्या बोलण्यातून गेलेली नाही. घरात, बाजारात, वय सांगताना माणसे जुनेच बोलतात. आपल्याकडे तर सरकारने काही काढूनही टाकले नव्हते. एसटीचा वाहक ‘पंचेचाळीस द्या’ म्हणायचा थांबला नाही, आणि पाढेही आहेत तसेच राहिले. उलट, पाढे ही या रीतीची खरी अडचण आहे आणि तिच्याकडे तेव्हा कुणी बोट दाखवले नाही याचे मला आश्चर्य वाटते. मुलाने संख्या ‘चाळीस नऊ’ म्हणून वाचायची आणि सातच्या पाढ्यात मात्र ‘एकोणपन्नास’ म्हणायचे, तर या दोन्ही एकाच संख्या आहेत हे त्याला कुणी आणि कधी सांगायचे? माझ्या मते दुसरीच्या दुसऱ्या सत्रापर्यंत ‘चाळीस नऊ’ने स्थानिक किंमत पक्की करावी आणि मग जुनी नावे कुटुंबाकुटुंबाने आणावीत: आधी ‘पन्नासला एक कमी’ म्हणून सगळी एकोणची कुळी, नंतर बाकीची. पण हे माझे मत मी वर्गात केलेल्या प्रयोगातून बनले आहे, ते मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळाले नाही. तुमच्या आक्षेपाचा गाभा इथेच आहे, असे मला आता वाटते.

त्या वर्षी मी आमच्या तालुक्यात सुलभक, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणारी, होते. राज्यस्तरावर प्रशिक्षण झाले, मग जिल्ह्यावर, तिथून मी ते घेऊन तालुक्यात आले आणि शे-दीडशे शिक्षकांसमोर उभी राहिले. खालच्या पातळीवर येईपर्यंत चार दिवसांचे दीड दिवसावर आले होते, त्यातही अर्धा वेळ हजेरी, चहा आणि स्वच्छतागृहाच्या तक्रारी. मी पडद्यावर एकेक पान दाखवत ‘बदल काय आहे’ ते वाचून दाखवले. मागच्या बाकावरून एका वयस्क गुरुजींनी विचारले, ‘मॅडम, परीक्षेत मुलाने कोणते लिहायचे?’ मी म्हणाले, ‘दोन्ही चालेल.’ नियमाप्रमाणे उत्तर बरोबर होते. पण सभागृहात जी शांतता पसरली ती मला आजही आठवते. प्रत्येकाने मनात ठरवून टाकले की ज्याअर्थी दोन्ही चालते त्याअर्थी नवे करण्याची गरज नाही. ते गुरुजी खरे तर विचारत होते की हे का करायचे, आणि मी त्यांना कसे लिहायचे ते सांगितले. त्यांनी विचारण्याआधी मी ५२ लिहिलेल्या चार वह्या त्यांच्यासमोर ठेवल्या असत्या, तर हा प्रश्न त्यांनी कदाचित वेगळ्या शब्दांत विचारला असता. म्हणूनच ‘सवय’ हा शब्द मागे घेतला. ज्यांना कारण दिलेच गेले नाही त्यांच्या नकाराला सवय म्हणणे, हे माझ्या स्वतःच्या कामातली कसूर त्यांच्या नावावर टाकणे होते.

आता नातवाची वही. आपण २०५ हा त्या रीतीच्या अपयशाचा पुरावा मानता. मला तो वेगळ्या गोष्टीचा पुरावा वाटतो. ‘वीस पाच’ ऐकून २०५ लिहिणे ही या रीतीने येणारी अगदी ठरलेली चूक आहे. जिथे जिथे भाषा दशक आधी बोलते तिथे तिथे मुले ती करतात, इंग्रजी माध्यमातलीही करतात. ‘ट्वेंटी फाइव्ह’चे २०५ मी माझ्या बहिणीच्या मुलाच्या वहीत पाहिले आहे. मूल वीस ऐकते, वीस लिहिते. पाच ऐकते, पुढे पाच लिहिते. जुन्या रीतीतले ५२ आणि नव्या रीतीतले २०५, या दोन्ही चुकांत कान बरोबर असतो. फरक असा की ५२ दिसायला निर्दोष दिसते, त्यामुळे ते तपासणीत निसटते किंवा ‘उलटे लिहिले’ एवढ्यावर सुटते. २०५ मात्र डोळ्यांत भरते, आणि मुलाला दशकाची जागा कळलेली नाही हे तत्काळ सांगून टाकते. शिक्षकाला ही चूक आधीच ठाऊक असेल तर त्याला ती उपयोगी पडते, नसेल तर तो पुस्तकाला दोष देतो. आम्ही तालुक्यातल्या एकाही शिक्षकाला ती सांगितली नाही, कारण ती आम्हालाही कुणी सांगितली नव्हती.

माझ्या वर्गात हे पहिल्यांदा झाले तेव्हा मीही गांगरले होते. मग पुठ्ठ्याची कार्डे केली. दहा, वीस, तीस ते नव्वद या संख्यांची रुंद कार्डे आणि एक ते नऊ या अंकांची त्यांच्या निम्म्या रुंदीची. वीसच्या कार्डावर उजव्या कडेला पाचचे कार्ड ठेवले की शून्य झाकले जाते आणि २५ दिसते. ज्या मुलीने २०५ लिहिले होते तिने पहिल्या वेळी दोन्ही कार्डे शेजारी-शेजारी ठेवली. मी काही बोलले नाही, फक्त दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या तिच्यासमोर ठेवल्या. ती बराच वेळ बघत राहिली, मग पाचचे कार्ड उचलून शून्यावर ठेवले आणि म्हणाली, ‘शून्य खाली आहे, गेलं नाही.’ स्थानिक किंमतीची इतकी नेटकी व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. दोन आठवड्यांत त्या वर्गातले २०५ बंद झाले. ५२ मात्र ज्या वर्गांत जुनीच रीत चालू होती तिथे तिसरीपर्यंत टिकले, हे मी शेजारच्या तुकडीत पाहिले. एका शाळेच्या निरीक्षणावरून मी मोठा दावा करणार नाही.

याच रीतीचा आणखी एक फायदा वादात कुठेच आला नाही. ३८ आणि २७ यांची बेरीज तोंडी करताना ‘तीस आठ, वीस सात’ म्हणणारे मूल तीस आणि वीस पन्नास, आठ आणि सात पंधरा, पन्नास आणि पंधरा पासष्ट, असे स्वतःहून करते. हातचा शिकवण्याआधीच त्याला हातचा कळलेला असतो. ‘अडतीस अधिक सत्तावीस’ ऐकणाऱ्या मुलाला आधी या दोन शब्दांची फोड मनात करावी लागते, आणि बरीचशी मुले तिथेच बोटांवर येतात.

प्रशिक्षणाचा वेळ, मतदार यादीची कामे, पोषण आहाराच्या नोंदी, दोन शिक्षकांवर चार वर्ग, याविषयी आपण लिहिलेले सगळे मला मान्य आहे आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. एवढेच म्हणेन की दीड दिवसच मिळणार असेल, तर तो ‘पुस्तकात काय बदलले’ हे वाचून दाखवण्यात घालवू नये. पुस्तक शिक्षक घरी वाचू शकतो. त्या दीड दिवसात वह्या टेबलावर असाव्यात, प्रत्येक शिक्षकाला एक चूक द्यावी, आणि नवे पान या चुकीला काय करते, कुठली नवी चूक आणते, एवढेच विचारावे. मग विरोध झाला तरी तो पानाला धरून होईल. २०२५-२६ पासून पहिलीत नवा अभ्यासक्रम आला आहे आणि पुढच्या इयत्तांचे टप्पे येतील, तेव्हा मलाही पुन्हा एखाद्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत उभे केले जाईल अशी चिन्हे आहेत. आपण लिहिले आहे की नातवाच्या प्राथमिक वर्गांतल्या वह्या आपण अजून जपून ठेवल्या आहेत. २०५ लिहिलेल्या त्या पानाचा फोटो, नाव झाकून, मला पाठवू शकाल का? सत्राची सुरुवात मला त्याच पानाने करायची आहे, आणि त्याखाली आपला आक्षेप आपल्याच शब्दांत लिहिण्याची परवानगीही हवी आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका