आधी सूट की आधी टक्के? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली असली तरी मुद्द्याची आहे, त्यामुळे ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होता येत नाही. अमेरिकेतल्या रिअल इस्टेट एजंटच्या परवाना परीक्षेत येणाऱ्या प्रॉपर्टी टॅक्सच्या गणितांवर मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप. एक, परीक्षेत गणितं मोजकीच, त्यांचा एवढा कीस कशाला. दोन, टी-पद्धतीने (टी आकाराची आकृती काढून) झटक्यात सुटणारं गणित मी उगाच चार ओळी लांबवते. तीन, होमस्टेडची सूट (मालक स्वतः राहतो त्या घरावर मिळणारी) कधी वजा करायची, हे मी तुमच्या क्लासच्या पुस्तकाच्या उलट सांगितलं: आधी टक्के, मग सूट. पहिले दोन आवडीनिवडीचे आहेत. तिसऱ्यात उत्तर बदलतं, म्हणून आधी तो घेते.

तुम्ही फ्लोरिडाची तयारी करताय. तुमच्या पुस्तकात घराच्या किमतीतून सूट वजा केली, उरलेल्यावर दर लावला, संपलं. तिथे ते चालतं, टेक्ससलाही चालतं. कारण या राज्यांत आकारणी पूर्ण किमतीवर होते, मधे टक्केवारीची पायरीच नाही. पायरी नसली की क्रमाचा प्रश्नही उरत नाही. पण जॉर्जियात असेस्ड व्हॅल्यू (कर मोजायला धरलेली किंमत) ही मार्केट व्हॅल्यूच्या, म्हणजे बाजारभावाच्या, ४०% असते, ओहायोत ३५%, लुईझियानात राहत्या घराला १०%. इथे सूट टक्क्यांच्या आधी काढली की नंतर, यावर सगळं ठरतं.

लुईझियानाचंच घ्या. घराची किंमत २,४०,००० डॉलर, दर १२० मिल, आणि होमस्टेडची सूट ७,५०० डॉलर. २,४०,००० चे १०% म्हणजे २४,०००. त्यातून ७,५०० गेले, उरले १६,५००. एक मिल म्हणजे हजार डॉलरमागे एक डॉलर, तेव्हा १६,५०० गुणिले ०.१२०, कर १,९८० डॉलर. आता तुमच्या पुस्तकाच्या क्रमाने करा: २,४०,००० वजा ७,५०० म्हणजे २,३२,५००, त्याचे १०% म्हणजे २३,२५०, आणि कर २,७९०. तब्बल ८१० डॉलर जास्त.

गंमत अशी, की त्याच राज्यात लोक ‘घराच्या पहिल्या ७५,००० वर कर नाही’ असंही म्हणतात, आणि तेही खरं आहे. २,४०,००० मधून ७५,००० काढा, १,६५,००० चे १०% घ्या, पुन्हा १६,५००च येतात. सूट एकच, फक्त एकदा ती असेस्ड व्हॅल्यूच्या भाषेत सांगितली आणि एकदा बाजारभावाच्या. म्हणून ‘आधी’ की ‘नंतर’ हे पाठ करण्यात अर्थ नाही. दिलेला आकडा कुठल्या किमतीतून कापायचा आहे, ते प्रश्नात शोधायचं.

फ्लोरिडातही तुमचा शॉर्टकट कायम टिकत नाही बरं का. तिथे होमस्टेड घेतलेल्या राहत्या घराची असेस्ड व्हॅल्यू वर्षाला जास्तीत जास्त ३% वाढू देतात, महागाईचा दर त्याहून कमी असेल तर तेवढीच. चारपाच वर्षांत बाजारभाव कुठच्या कुठे जातो आणि असेस्ड व्हॅल्यू मागे राहते. प्रश्नात दोन्ही आकडे दिले असतील, तर सूट असेस्डमधूनच जाणार. पुस्तकातलं उदाहरण बहुधा नव्याने घेतलेल्या घराचं असावं, म्हणून तिथे हे दिसलं नाही.

आता टी-पद्धत. माझं तिच्याशी वाकडं नाही. वर भाग, खाली एकीकडे मूळ रक्कम आणि दुसरीकडे दर. कमिशनच्या गणिताला ती झकास. पण ती एका वेळी एकच गुणाकार-भागाकार सांभाळते. असेसमेंटच्या गणितात दोन टी लागतात, एक रेशोचा (मार्केटच्या किती टक्के असेस्ड, त्याचा) आणि एक दराचा, आणि त्या दोघांच्या मधोमध सूट बसते, जी वजाबाकी आहे. टीमध्ये वजाबाकीला जागाच नाही. मग माणूस ती जिथे सुचेल तिथे उरकतो. माझ्या चार ओळी म्हणजे फक्त चार शब्द आहेत: मार्केट, असेस्ड, टॅक्सेबल (सूट वजा जाऊन उरलेली), कर. प्रश्न वाचता वाचता समोर आकडे भरायचे. ज्या ओळीत आकडा नाही, तो शोधायचा. तुमचा टी त्या ओळींच्या मधे खुशाल वापरा.

उलटं विचारलं की हे जास्त जाणवतं. समजा रेशो ३५%, दर ६० मिल, सूट नाही, आणि ‘अर्ध्या वर्षाचा हप्ता १,४७० डॉलर असेल तर मार्केट व्हॅल्यू किती?’ खालून वर चढा. वर्षाचा कर २,९४०. भागिले ०.०६०, असेस्ड ४९,०००. भागिले ०.३५, मार्केट १,४०,०००. ‘अर्ध्या वर्षाचा’ हे शब्द निसटले तर ७०,००० येतात, आणि ७०,००० हा पर्याय तिथे हमखास असतो. चुकीचे पर्याय हवेतून येत नाहीत. रेशो विसरणाऱ्याचं उत्तर, सूट विसरणाऱ्याचं उत्तर, दशांशचिन्ह एक घर सरकवणाऱ्याचं उत्तर, अशी ती मांडणी असते. त्यामुळे आपलं उत्तर पर्यायांत सापडलं याचा आनंद फारसा मानू नये.

दराचंही तसंच. २५ मिल, शंभर डॉलरमागे २.५० डॉलर, हजारामागे २५ डॉलर, सगळं एकच: ०.०२५. कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी दर या एका रूपात आणायचा, मग पुढे बघायचं. आणि एक खास आपल्या लोकांसाठी: मी इथे लाखाच्या सवयीने स्वल्पविराम देतेय, परीक्षेत तो तीन-तीन आकड्यांवर येतो. गावाचा खर्च, इतर उत्पन्न आणि एकूण असेस्ड व्हॅल्यू देऊन मिल रेट काढायला सांगतात, तेव्हा घाईत शून्यं गिळली जातात. खर्च ४८ लाख, इतर उत्पन्न ८ लाख, असेस्ड व्हॅल्यू १६ कोटी. ४० लाख भागिले १६ कोटी, ०.०२५, म्हणजे २५ मिल. अशा वेळी मनात लाख-कोटीत वाचून घेतलेलं बरं.

राहिला पहिला आक्षेप. गणितं थोडी असतात, मान्य. पण एजन्सी किंवा करारांच्या प्रश्नांत दोन पर्याय सारखेच बरोबर वाटतात आणि तिथे डोकं पिंजून निघतं. इथे उत्तर एकच, आणि ते उलट करून तपासताही येतं. असे गुण का सोडायचे, हे मला खरंच कळत नाही. शिवाय यातली निम्मी मेख गणिताची नाहीच. साउथ कॅरोलिनात मालक स्वतः राहत असेल तर ४% आणि तेच घर भाड्याने दिलं तर ६%. टेनेसीत निवासी २५%, व्यापारी ४०%. ‘मालक दुसऱ्या गावी राहतो’ एवढं एक वाक्य प्रश्नात टाकलं की कर दीडपट होऊ शकतो. कॅल्क्युलेटर ते वाक्य वाचत नाही.

लेखातला क्रम मी तसाच ठेवतेय. फक्त तिथल्या जॉर्जियाच्या उदाहरणाखाली फ्लोरिडा-टेक्ससवाल्यांसाठी एक ओळ टाकते, म्हणजे तुमच्या क्लासमधल्या इतरांचा गोंधळ होणार नाही. तुमच्या पुस्तकात ३% मर्यादेवरचं एखादं सोडवलेलं गणित असेल तर त्यातले आकडे इथे लिहा. सूट त्यांनी कुठल्या किमतीतून काढलीय, ते मला बघायचंय.